रोजंदारी, लेबर रेट की मटेरियलसह ठेका: हजार फुटांचं घर बांधायला निघालेल्यांसाठी

दसरा झाला की माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो. "साहेब, सध्या फुटाला काय रेट चालू आहे?" प्लॉट घेऊन झालेला असतो, बँकेत कर्जाचं बोलणं झालेलं असतं आणि मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने एक आकडा कानात घातलेला असतो. लातुरात गेली अठरा वर्षं मी घरांचे नकाशे काढतो, साइटवर उभा राहतो. फुटाचा रेट मी सांगतोच, पण त्याआधी उलटा प्रश्न करतो: दिवसातले किती तास तुम्ही किंवा घरचं कुणी साइटवर थांबू शकणार? माझ्या अनुभवात माणसं कशी लावायची हे रेटपेक्षा या उत्तरावर जास्त ठरतं.

मार्ग तीन आहेत. रोजंदारीत मिस्त्री आणि बिगारी तुम्ही दिवसाच्या हजेरीवर लावता, माल तुमचा. लेबर रेटमध्ये मजुरीचा ठेका फुटावर देता, माल तुमचाच. मटेरियलसह ठेक्यात सगळं ठेकेदाराचं, तुम्ही टप्प्याटप्प्याने पैसे देता. तिन्हीत घर उभं राहतं आणि तिन्हीत कात्री लागते. फक्त ती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी लागते. कुठली कात्री तुम्हाला दिसू शकते आणि रोखता येऊ शकते, त्यावरून निवड करायची.

आधी मजुरीचा हिशेब

समजा तळमजल्याचं हजार चौरस फुटांचं आरसीसी घर आहे. हिशेबापुरते दर असे धरू: मिस्त्री दिवसाला १,००० रुपये, बिगारी ६००. तुमच्या गावात वेगळे असतील तर ते घाला, हिशेबाची रीत तीच राहते. दोन मिस्त्री आणि चार बिगारी अशी एक जोडणी घेतली की दिवसाची हजेरी ४,४०० रुपये होते.

लेबर रेट फुटाला ३०० धरला तर तीन लाख रुपये. यात पाया, काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर, सेंटरिंग (काँक्रीटसाठी प्लेटा-टेकूंचा साचा) आणि सळई बांधणी आली. सेंटरिंगवाले आणि सळईवाले बहुतेक वेळा फुटावरच काम घेतात, अगदी रोजंदारीच्या साइटवरसुद्धा. त्यांचे १२० बाजूला काढले की गवंडीकामाला १८० उरतात, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. भागिले ४,४००, साधारण ४१ दिवस.

आता तेच काम रोजंदारीवर मोजू. एक मिस्त्री दोन बिगाऱ्यांना घेऊन दिवसाला साधारण ४० घनफूट वीटकाम करतो. प्लास्टर शंभर-सव्वाशे चौरस फूट. आतून, बाहेरून आणि छताला धरून या घराचं प्लास्टर पाच हजार फुटांच्या पुढे जातं. पाया आणि काँक्रीटचे दिवस मिळवले की आपल्या जोडणीला ४८ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे दोन लाख अकरा हजार. लेबर रेटपेक्षा एकतीस हजार जास्त.

इथे बहुतेक जण वही मिटतात. लेबर रेट स्वस्त, विषय संपला. पण पुढचा प्रश्न विचारायला हवा. लेबर ठेकेदार त्याच बाजारातले मिस्त्री लावतो, त्यांना तीच हजेरी देतो आणि वर स्वतःचे पस्तीस हजार काढतो. म्हणजे तो हे काम ३३ दिवसांत उरकतो. तुमचे ४८, त्याचे ३३. मधले पंधरा दिवस कुठून आले?

काही अगदी न्यायाने आले. त्याची माणसं एकमेकांच्या हाताला सरावलेली असतात. वाळू संपली म्हणून कुणी पारावर बसून राहत नाही, कारण तो तुम्हाला आदल्या रात्रीच फोन करून माल मागवून घेतो. मिस्त्रीला उक्तं, म्हणजे ठोक दरावर, काम दिलं तर तो साडेआठलाच थापी हातात घेतो. पण राहिलेले दिवस ओळंबा न लावता आणि सांधे न भरता वाचलेले असतात. ते दिवस तुम्हाला परत विकत घ्यावे लागतात. कसे, ते सांगतो.

लेबर रेट: घाई त्याची, सिमेंट तुमचं

ठेकेदाराला दिवस वाचवायचे असतात, माल वाचवण्यात त्याला काही मिळत नाही. माल तुमचा आहे. मला हे एका भिंतीवरून पक्कं कळलं. औसा रोडकडच्या एका घरात प्लास्टर चालू असताना मी सहज सळईचा तुकडा ओल्या प्लास्टरमध्ये खुपसून पाहिला. जिथे अर्धा इंच हवं तिथे इंचाच्या वर गेला. वीटकाम ओळंब्यात नव्हतं, भिंतीला पोट आलं होतं, आणि ते पोट लपवायला मिस्त्री मालावर माल चढवत होता. मालक शिक्षक होते, शाळा सुटल्यावर साडेपाचला यायचे. त्यांना गुळगुळीत भिंत दिसायची.

तीन हजार फूट प्लास्टर अर्ध्या इंचाऐवजी एक इंचाचं झालं तर एकास चार मिश्रणात सिमेंटची पंचवीस-सत्तावीस पोती जास्त जातात. वाळू सव्वा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पोत्याला ३५० धरले तर सिमेंटचेच नऊ हजारांच्या वर. शिवाय एवढं जाड प्लास्टर एका थरात मारलं की तडकतं. एकतीस हजारांच्या बचतीतला तिसरा हिस्सा एका बाबीत गेला. वीट फोडून टाकणं, सकाळी कालवलेला माल दुपारी पाणी मारून पुन्हा वापरणं, सळईचे तुकडे असेच पडू देणं, हे अजून मोजलेलंच नाही.

दुसरी घाई सेंटरिंगची. प्लेटा आणि टेकू दुसऱ्या साइटवर न्यायचे असतात, तिथला स्लॅब अडलेला असतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवायचे. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा, त्यापुढे एकवीस. हा हिशेब साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटचा आणि नीट पाणी मारलेल्या स्लॅबचा आहे. आपल्याकडे घरासाठी बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं पोझोलाना सिमेंट) येतं, ते सुरुवातीला सावकाश पकडतं, म्हणून मी त्यात आणखी दिवस घालतो. टेकू कधी निघणार ही तारीख करारात लिहा. तोंडी ठरलेली तारीख दुसऱ्या साइटवरून फोन आला की बदलते.

तिसरी बाब पाण्याची. लेबर रेटमध्ये पाणी मारायचं काम मालकाचं, हा जवळपास अलिखित नियम आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं, तेव्हा बांधकामाला पाणी मागायची कुणाची छाती नव्हती. तशी वेळ रोज नसते, पण फेब्रुवारीनंतर स्लॅब टाकला तर टँकर धरूनच चाला. हजार फुटांच्या स्लॅबवर आळी करून दोन इंच पाणी साठवायचं म्हटलं तर ४,७०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर पहिल्याच दिवशी. मग ऊन आणि गळती धरून दहा दिवसांत आणखी तीन-चार. टँकरला सहाशे धरले तर तीन हजारांच्या आत-बाहेर. एवढ्या खर्चाला कंटाळून लोक तिसऱ्या दिवशी पाणी थांबवतात आणि मग पुढची वीस वर्षं दर पावसाळ्यात वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात.

हे सगळं सांगूनही मी लेबर रेटच्या विरोधात नाही. माझ्या हाताखालची निम्म्याहून जास्त घरं याच पद्धतीने झाली. माल तुमच्या डोळ्यासमोर येतो, सळई वजनकाट्यावर तुम्ही तोलता, सिमेंटच्या पोत्यावरचा उत्पादनाचा आठवडा तुम्ही वाचता. शिवाय करातही हा मार्ग हलका आहे. स्वतःच्या एकट्या घराच्या नव्या बांधकामासाठी निव्वळ मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी लागत नाही. मालावर मात्र लागतो: सिमेंट आणि सळईवर १८ टक्के, वाळूवर ५. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ वर आला. करापूर्वीची किंमत २९० धरली तर पोत्यामागे २९ रुपये वाचतात. हजार फुटांना चारशेवीस पोती लागली तर बारा हजार रुपये.

मटेरियलसह: माल वाचवायची घाई

इथे कात्री उलट्या बाजूने चालते. माल ठेकेदाराचा, म्हणून वीट फुटत नाही, सिमेंट सांडत नाही, मिस्त्री ओळंबा लावतो कारण जाड प्लास्टर ठेकेदाराच्या खिशातून जाणार असतं. वीटकाम मटेरियलसहच्या साइटवर जास्त सरळ दिसतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. वाचवलं जातं ते झाकून जाणाऱ्या जागी.

एक उदाहरण आकड्यात बघा. स्लॅबच्या मुख्य सळ्या ८ एमएमच्या, सहा इंचांवर दाखवल्यात. ठेकेदाराने त्या आठ इंचांवर टाकल्या. हजार फुटांच्या स्लॅबमध्ये सहा इंचांवर २,००० फूट सळई लागते, आठ इंचांवर १,५००. ८ एमएमचं वजन मीटरला ३९५ ग्रॅम. फरक साठ किलोचा. किलोला साठ रुपये धरले तर ३,६०० रुपये. फुटाला १,९०० धरून एकोणीस लाखांना पडणाऱ्या घरात फक्त ३,६०० रुपयांसाठी स्लॅबची पाव ताकद काढून घेतली जाते आणि काँक्रीट पडल्यावर ते कुणालाही दिसत नाही.

आम्ही किल्लारीच्या जिल्ह्यातली माणसं आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात काय झालं ते माझ्या पिढीला सांगावं लागत नाही. तेव्हा दगड-मातीच्या भिंती पडल्या, म्हणून आरसीसी केलं की निर्धास्त झालो असं लोकांना वाटतं. पण कॉलमच्या रिंगच्या टोकाचा आकडा (हूक) काटकोनात सोडला तर हादऱ्यात ती रिंग उघडते. तो १३५ अंशांत आत वळवायला हवा. प्रत्येक रिंगला सळईवाल्याचे काही सेकंद जास्त जातात, उक्त्या कामात तो ते सेकंद वाचवतो. कॉलमची पेटी लावायच्या आधी खाली बसून रिंगा बघा. मोबाइलवर फोटो काढा. हे तिन्ही पद्धतींना लागू आहे, पण मटेरियलसहला सगळ्यात जास्त, कारण तिथे मालक बेफिकीर होतो. पैसे दिले, आता किल्लीच हातात घेऊ, असं त्याला वाटतं.

काळ्या मातीचंही इथेच बोलायला हवं. मटेरियलसहच्या दरात पाया पाच फूट धरलेला असतो. आमच्याकडे कुठे पाचला मुरूम लागतो, कुठे नऊ फूट गेलं तरी काळीच निघते. खालचं चार फूट "एक्स्ट्रा" म्हणून येतं आणि तेव्हा तुमच्या हातात काही उरत नाही, कारण खड्डे उघडे पडलेले असतात. करार करण्याआधी जेसीबीने प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन बघा. तासाभराचं भाडं जाईल, पण पायाचा आकडा खरा निघेल. पावसाळ्यात ती माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर फुटिंग (कॉलमचा तळ) ठेवायचं नाही, मग ठेकेदार काहीही म्हणो.

"फूट" कुठला, हेही विचारा. स्लॅबचा की बांधकामाचा? छज्जा पूर्ण धरणार की निम्मा? जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी, शोषखड्डा दरात आहेत का? १,९०० आणि २,०५० या दोन दरांत दुसरा स्वस्त निघालेला मी पाहिलाय, कारण पहिल्याने टाकी आणि कंपाउंड वेगळं लावलं होतं.

आणि जीएसटी. मटेरियलसह काम करार सेवेत मोडतं आणि नोंदणीकृत ठेकेदाराला त्यावर १८ टक्के लावावे लागतात. १,९०० च्या दराने एकोणीस लाख, वर तीन लाख बेचाळीस हजार. मालावर त्याने भरलेला कर त्याला वळता मिळतो, तुम्हाला काही वळतं मिळत नाही. म्हणून दर विचारताना एकच वाक्य जोडा: "जीएसटी धरून की सोडून?" बिल नको, रोखीत करू, असं म्हणणाऱ्याकडून उद्या गळती निघाल्यावर तुम्ही कुठल्या कागदावर भांडणार?

एवढं असूनही मटेरियलसह कुणासाठी योग्य, तर नोकरीनिमित्त पुण्यात किंवा दुबईत असणाऱ्यासाठी, घरी वयस्कर आई-वडील आणि दुसरं कुणी नाही त्याच्यासाठी. मात्र ठेकेदारावर देखरेख करणारा इंजिनिअर ठेकेदाराने दिलेला नको, तुम्ही पैसे देऊन लावलेला हवा. पायाची सळई, जोता, स्लॅबची सळई, स्लॅब टाकण्याचा दिवस: एवढ्या चार वेळी तो साइटवर उभा राहिला तरी बरंच सावरतं.

रोजंदारी: तुम्हीच ठेकेदार

रोजंदारी महाग असते असं सरसकट म्हणतात. मालक साइटवर असेल तर ते खरं नाही. दुरुस्ती, जुन्या वाड्याचं काम, एखादी खोली वाढवणं, दगडी जोतं, यांना मी रोजंदारीच सांगतो. जिथे काम किती निघेल हे आधी कळत नाही तिथे उक्तं घेणारा एकतर भीतीने दुप्पट सांगतो, नाहीतर कमी सांगून मध्येच सोडतो.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांनी रोजंदारीवर घर बांधलं. सकाळी आठला खुर्ची टाकून बसायचे. त्यांच्या हजेरी वहीत नावापुढे पूर्ण, अर्धा आणि खाडा अशा खुणा, शेवटच्या रकान्यात उचल. दर रविवारी बाजाराला जायच्या आधी, दुपारी बाराला हिशेब चुकता. त्यांच्याकडे एकही माणूस मध्येच गेला नाही, आणि काम ४८ दिवसांच्या हिशेबात ४४ मध्ये झालं. पैसे वेळेवर मिळणार हे माहीत असलं की माणूस टिकतो. माझ्या मते वेगाची ही सगळ्यात स्वस्त तजवीज आहे.

याच्या उलट मालक गावाला गेला की रोजंदारीचं काम निम्म्यावर येतं. त्यात मजुराला दोष देऊ नका. माल कालवायला सांगणारं कुणी नाही, वाळू दुपारी येणार, इलेक्ट्रिशियनने पाइप टाकले नाहीत म्हणून प्लास्टर अडलंय. हे सगळं जुळवणं हेच ठेकेदाराचं काम असतं आणि त्याचेच तो पैसे घेतो.

माणसं कुठून येतात, केव्हा जातात

दर ठरवताना लोक कामगाराकडे आकडा म्हणून बघतात, पण त्याचं वर्ष कसं जातं हे कळलं तर तुमचं वेळापत्रक वाचेल. मराठवाड्यातली बरीच कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे पाऊस संपून बांधकामाचा खरा मोसम सुरू होतो, तेव्हाच गावातले बिगारी कमी होतात. सेंटरिंग, टाइल्स, पीओपी करणारे परप्रांतातले, ते छठला आणि होळीला घरी जातात, आणि होळीला गेलेला माणूस कधी परतेल हे त्यालाही माहीत नसतं. स्लॅबची तारीख होळीच्या आसपास धरू नका.

ते का येतात? रिझर्व्ह बँकेच्या राज्यनिहाय आकड्यांत २०२२-२३ साली ग्रामीण भागातल्या बांधकाम कामगाराची सरासरी रोजी केरळमध्ये ८५२ रुपये होती, मध्य प्रदेशात २७८ आणि देशाची ३९३. एवढी दरी असल्यावर माणूस घर सोडणारच. २०२० च्या मे महिन्यात जालन्याहून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा कामगार करमाडजवळ रुळावर झोपले असताना मालगाडीखाली गेले. ते पोलाद कारखान्यातले होते. आपल्या घरातली सळई जालन्याहून येते. मला ती गोष्ट विसरता येत नाही, आणि घासाघीस करणाऱ्या मालकाला मी ती सांगतोही.

बाईच्या हजेरीचंही सांगतो. बिगारी पुरुष सहाशे आणि बाई चारशे-साडेचारशे, हा फरक बहुतेक साइटवर आजही आहे. घमेलं तेच, जिनाही तोच. समान कामाला समान मजुरी ही तरतूद कायद्यात १९७६ पासून आहे. रोजंदारीत हे तुमच्या हातात असतं. लेबर रेटमध्ये आणि मटेरियलसहमध्ये ते मुकादमाच्या हातात जातं, आणि तुमच्या फुटाच्या रेटमधून घासाघिशीने काढलेले वीस रुपये बहुतेक वेळा त्याच बाईच्या हजेरीतून निघतात. ठेकेदार स्वतःचा नफा शेवटी सोडतो.

माणूस पडला तर

यावर तीन पद्धतींत जेवढा फरक आहे तेवढा दुसऱ्या कशात नाही, आणि करारात याबद्दल एक ओळ नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखालच्या एका दुमजली घरात पायाडाची बल्ली सुटली. बाहेरून प्लास्टर चालू होतं. एक बिगारी पोरगा, वीस-एकवीसचा, खाली खडीच्या ढिगावर आला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मालक म्हणाले, ठेकेदार बघेल. ठेकेदार म्हणाला, माणूस मुकादमाचा आहे. मुकादमाने पाच हजार काढून दिले आणि फोन बंद केला. पोराची कुठेच नोंद नव्हती. पुढचे सहा महिने तो घरी बसला. त्या दिवशी सकाळी मी त्याच पायाडाखालून गेलो होतो आणि बल्लीला बांधलेली सुंभाची गाठ मी पाहिली होती. बोललो नव्हतो. त्यानंतर नोंद आणि विमा बघितल्याशिवाय मी काम सुरू करू देत नाही.

काय करता येतं? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते. त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार देतो, गावात ग्रामसेवकाकडूनही मिळतो. नोंदणी असेल तर कामावर अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना पाच लाख मिळतात, मुलांना शिष्यवृत्ती मिळते, बाळंतपणाला मदत मिळते. हा पैसा येतो बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून, म्हणजे तुमच्याच खिशातून. १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराला दहा लाख खर्चापर्यंत तो माफ होता, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाख आहे. परवानगी काढताना उपकर भरला असेल तर आपल्या साइटवरच्या माणसाला त्याचा लाभ मिळतोय का, हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रोजंदारीत दाखला द्यायला ठेकेदार नसतो, म्हणून हजेरी वही जपून ठेवा. त्या माणसाने काम केल्याचा लेखी पुरावा तेवढाच असतो. आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, फक्त बँक खातं लागतं. दहा माणसांचे दोनशे रुपये. मालकाने मुहूर्ताच्या नारळाबरोबर हे दोनशे काढावेत, असं मी सांगतो. लेबर रेट आणि मटेरियलसहमध्ये ठेकेदाराला कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी काढायला लावा आणि तिची प्रत घ्या. जो "एवढ्याशा घराला कशाला" म्हणतो, तो माणूस पडल्यावर काय करेल हे तिथेच कळतं.

मग कुणी काय निवडावं

घरातलं एक जण रोज चार-पाच तास साइटवर असेल आणि माल आणण्याची धावपळ झेपणार असेल, तर लेबर रेट. पण वीटकाम संपल्यावर, प्लास्टरला हात लावायच्या आधी, भिंती ओळंब्याने तपासून मगच पुढचा हप्ता द्या. करारात पाणी कोण मारणार, टेकू कधी निघणार, एवढं लिहा. मजुरी एकूण खर्चाच्या पाव हिश्शाच्या आसपास असते. तिच्यात फुटामागे तीस रुपये कमी करून घेतले तर तीस हजार वाचतात, आणि त्याच नाराज हातांत तुम्ही चौदा लाखांचा माल देता. त्या मालाची पाच टक्के नासाडी झाली तरी सत्तर हजार गेले. म्हणून कमी रेटवाल्यापेक्षा मागच्या तीन साइट दाखवणारा घ्या. त्या घरमालकांशी बोला, आणि जमलं तर त्याच्या मिस्त्रीशीही बोला. मिस्त्री पाच वर्षं त्याच ठेकेदाराकडे असेल तर तो पैसे वेळेवर देतो.

साइटवर कुणीच नसेल तर मटेरियलसह, स्वतःच्या इंजिनिअरसह. सळईचं वेळापत्रक, सिमेंटचा ब्रँड, विटेचा प्रकार, टाइल्सची फुटामागची किंमत हे सगळं कागदावर घ्या. हप्ते कामाच्या पुढे जाऊ देऊ नका: जोत्याचे पैसे जोतं झाल्यावर, स्लॅबचे स्लॅब झाल्यावर. सुरुवातीलाच तीस टक्के मागणारा बहुतेक वेळा तुमच्या पैशातून मागची साइट पुरी करत असतो. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हाताशी ठेवा आणि ते तसं आधीच लिहून घ्या.

काम लहान असेल, जुनं असेल, किंवा तुम्ही नुकतेच निवृत्त होऊन घरी असाल, तर रोजंदारी. एक वही, एक छत्री आणि रविवारचे सुटे पैसे तयार ठेवा.

आणि एक मिश्र रस्ता आहे, तो मी अलीकडे जास्त सुचवतो. जोत्यापर्यंत रोजंदारी, कारण काळ्या मातीत किती खाली जावं लागेल ते तेव्हाच कळतं. जोत्यापासून प्लास्टरपर्यंत लेबर रेट. टाइल्स, प्लंबिंग, रंग यांना वेगवेगळे उक्ते कारागीर. यात जुळवाजुळव जास्त असते, फोन जास्त करावे लागतात, एखाद्या वेळी टाइल्सवाला आठवडाभर येतच नाही. पण प्रत्येक टप्प्याला कोण आपल्या पैशाने काम करतोय आणि त्याला किती मिळतंय, हे तुम्हाला माहीत असतं.